लांबी बदलणारी कैची

अभियंता मित्रहो, आणि फॅब्रिकेशनच्या शेडमधून हात धुऊन थेट इथे आलेल्या कारागीर बंधूंनो,

आपण छपराच्या ट्रसला कैची म्हणतो. यवतमाळच्या जिनिंगची शेडं या कैच्यांवरच उभी आहेत. उमेदवारीच्या काळात अशाच एका शेडच्या कैच्यांची दोन्ही टोकं मी खांबांवर गच्च आवळायला लावली. वेल्डिंग करणारे काका म्हणाले, "साहेब, एका बाजूचं भोक लांबट ठेवू. लोखंड उन्हात चालतं." मी ऐकलं नाही. मे महिन्यात खालच्या दांड्यांना बाक आला. 20 मीटरची पोलादी दांडी 30 अंशांनी तापली की सुमारे 7 मिलिमीटर वाढते. जागा मिळाली नाही तर ती वाकणारच. चूक माझी होती, आणि आजचा विषय मला तिथेच मिळाला. दांडीची लांबी आपण कायमची धरून चालतो. ती बदलणं आपण आपल्याच हाती घेतलं तर?

त्रिकोणाची एक बाजू मोटारीच्या स्क्रूने लांबवली तर आकार बदलतो, पण त्रिकोण ढिला पडत नाही. अशी दांडी म्हणजे अ‍ॅक्च्युएटर. 1985 साली जपानच्या कोर्यो मिउरा आणि सहकाऱ्यांनी अंतराळातल्या क्रेनसाठी अशा दांड्यांची जाळीदार रचना मांडली. तिचा एक खण डोळ्यांपुढे आणा. खाली त्रिकोण, वर त्रिकोण, मध्ये तिसरा, आणि त्यांना जोडणाऱ्या 12 तिरप्या दांड्या. सांधे 9, दांड्या 21. सांध्यांची तिप्पट 27, त्यातून अख्ख्या खणाच्या हालचालीचे 6 वजा केले की बरोबर 21. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मधल्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू सारख्या लांबवल्या की खण बुटका होतो. कमीजास्त केल्या की मानेसारखा कलतो. बाकीच्या 18 दांड्यांना त्याचा जाच होत नाही. मजबुतीसाठी म्हणून बाविसावी दांडी घाला, ती हालचालीला आडवी येईल. शंका आली की एक दांडी वाढवायची, या सवयीत वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला जड जातं.

अ‍ॅक्च्युएटरचा वापर दुर्बिणीतही होतो. पुण्याची खगोलसंस्था आयुका ज्या तीस मीटर दुर्बिणीच्या प्रकल्पात भागीदार आहे, त्या दुर्बिणीच्या आराखड्यात 492 आरसे आहेत आणि प्रत्येकाखाली 3 अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे 1476. तिथे दांड्या हलत नाहीत, त्यांच्यावरचे आरसे हलतात; पोलादी सांगाडा स्वतःच्या वजनाने जितका झुकेल तितकी भरपाई अ‍ॅक्च्युएटर करतात.

आपली अडचण निराळी. आपल्याकडे नेमक्या वादळात लाइन जाते. मोटार बंद पडली तरी कैचीने आकार सोडता कामा नये. म्हणून मी बारीक पिळाच्या स्क्रूच्या बाजूचा आहे. हँडल सोडलं तरी स्क्रू-जॅक गाडी धरून ठेवतो, तसा तो भार धरतो. मात्र वाऱ्याच्या थरथरीत तोही हळूहळू उलटा फिरू शकतो, तेव्हा ब्रेक हवाच.

या अधिवेशनाकडे माझं एकच मागणं आहे. असा एक खण इथेच, यवतमाळात बनवूया. 18 पाइप, 3 स्क्रू, फिरणारे सांधे. येत्या मे महिन्यात तो उन्हात उभा करू, वरून 170 किलोंची कापसाची गाठ टांगू, लाइन काढू आणि रात्रभर दर तासाला लांबी मोजू. सांध्यांतली मोकळीक हीच खरी परीक्षा आहे. केसभर जास्त झाली तर माप खोटं, कमी झाली तर खण जाम. त्या काकांचा मुलगा आता शेड चालवतो, तो आज समोर बसला आहे. पिन किती सैल ठेवायची, हे यावेळी तो ठरवेल.