दस्तातील जुने शब्द : गहाण, खत आणि मुदत खरेदी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



खत म्हटले की आपल्याला शेणखत आठवते. कागदाचे खत वेगळे. तो शब्द अरबी. मूळ अर्थ रेघ, लिखाण. 'दस्तऐवज' फारसी. 'दस्त' म्हणजे हात. हाताने धरून राहावे असा आधार तो दस्तऐवज. दरबारी कारभार पूर्वी फारसीत चाले, त्याच्या या खुणा.

'गहाण' मात्र संस्कृत 'ग्रहण' वरून आलेला. चंद्राचे ग्रहण सुटते, तसे गहाणही सुटायचेच असते. नजरगहाणात जमीन तुम्हीच कसता, सावकाराची तिच्यावर फक्त नजर. पैसे थकले तर त्याला कोर्टामार्फत विक्री मागावी लागते. कब्जेगहाणात जमीन त्याच्या ताब्यात जाते आणि उत्पन्न तो व्याजापोटी किंवा मुद्दलापोटी घेतो. 'कब्जा' म्हणजे पकड, नावाप्रमाणेच.

खरी फसगत होते ती मुदत खरेदीत. नाव खरेदीचे, व्यवहार कर्जाचा. ठरल्या मुदतीत रक्कम परत केली की जमीन परत, अशी बोली असते. कायद्यात याला सशर्त विक्रीचे गहाण म्हणतात. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 मध्ये 1929 साली दुरुस्ती झाली, ती नीट लक्षात घ्या. जमीन परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. वेगळ्या स्टॅम्पवर लिहून घेतलेली अट किंवा चार पंचांसमोर दिलेला शब्द येथे उपयोगी पडत नाही. अट खतात असली तरी वाद झाल्यास न्यायालय सर्व मजकूर पाहते. किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी होती काय, ताबा कोणाकडे राहिला, हेही पाहते.

म्हणून दुय्यम निबंधकासमोर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी खताचे शीर्षक वाचून घ्या. गरज कर्जाची आणि वर 'कायम खरेदीखत' असेल, तर सही न करता उठून या. सावकार रागावला तरी चालेल.

कर्ज फिटल्यावर गहाण सोडल्याचा दस्त नोंदवून घ्या आणि तलाठ्याकडे फेरफार करून सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातील बोजा कमी करून घ्या. सावकारी कर्जाच्या तारणापोटी जमीन आधीच गेली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत खताची नक्कल, सातबारा आणि पैसे दिल्या-घेतल्याच्या असतील तेवढ्या चिठ्ठ्या जोडा.