टॉवरवरची हिरवळ कुणाची?

मैत्रिणींनो, गिरणगावात नवा टॉवर येणार म्हटलं की त्याचं चित्र ठरलेलं: खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं आणि मजल्यामजल्यावर झाडं. झाडांशी आपलं भांडण नाही. पण खालच्या जमिनीचं काय झालं?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते. एक बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची उरली. आता, गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुरुस्ती उचलून धरली. बाया-मुलांना मिळाली असती ती बाग अशी लिफ्टने वर गेली. (धुणीभांडी करायला वर जाणाऱ्या बाईला ती दिसते म्हणा!)

या गिरण्यांत वाइंडिंगला बाया होत्या. कामगारांना जेवू घातलं तेही खाणावळवाल्या बायांनी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. वाटणीत त्यांचं नाव कुठेच नाही.

तेव्हा असा प्रस्ताव कळला की पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात घोळक्यानं जायचं. जमिनीवरची, सगळ्यांना खुली बाग किती चौरस मीटर, पाळणाघर कुठे, भाजीवालीला ओटा आहे का, हे विचारायचं. उत्तर लेखी घ्यायचं.