पंधरा घटकांची आवराआवर

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाह, व्यवसाय अशा थोर विषयांची चर्चा होत असते. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती, किंबहुना माळ्यावरचा आहे. घरात साठलेली अडगळ कशी काढावी आणि ती काढताना मन खचू कसे देऊ नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. विषय लहान खरा. परंतु त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे, म्हणूनच तो आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या मातुःश्री निवर्तल्यानंतर गावचे घर दोन दिवसांत रिकामे करण्याची पाळी आम्हा भावंडांवर आली. माळ्यावर, फडताळांत, पलंगाखाली वस्तूच वस्तू! झाकणांवाचून डबे, डब्यांवाचून झाकणे, कल्हई उडालेली पातेली आणि चाळीस वर्षांची पंचांगे. मातुःश्रींना दोष देण्यास आमची जीभ धजत नाही. मुंबईत 1943 साली शिधावाटप सुरू झाले, ते त्यांनी बालपणी पाहिले होते. 1972 च्या दुष्काळात त्यांनी संसार रेटला होता. ज्या पिढीने टंचाई भोगली, तिच्या तोंडी 'असू दे, लागेल कधीतरी' हे वाक्य म्हणजे शहाणपणच होते.

पहिल्या दिवशी एकेक वस्तू हाती घेऊन आम्ही डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी थकव्याने इतके जेरीस आलो की, न पाहताच गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीवाल्याच्या हवाली केले. पंचांगांच्या गठ्ठ्यांत मातुःश्रींची एक वही होती. तीत आम्हा पाचही भावंडांच्या जन्मवेळा, लोणच्यांची प्रमाणे आणि त्यांनी आपल्या आईकडून ऐकलेल्या ओव्या होत्या. महिन्याभराने धाकट्या बहिणीने त्या वहीची चौकशी केली, तेव्हा आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

ही वही केवळ टाकण्याच्या घाईने गेली, असे आम्हांस वाटत नाही. साठविण्याच्या सवयीनेही ती गेली. भोवती चाळीस पंचांगे नसती, तर ती सहज डोळ्यांस पडती. अडगळ ही नुसती जागा अडवीत नाही; ती आपल्या जिवाभावाच्या वस्तूंनाही झाकून टाकते.

मग हे काम करावे केव्हा? दिवाळीपूर्वी आपण घर झाडतो. पण तेव्हा फराळाची आणि पाहुण्यांची गडबड असते. वस्तू उचलावी, पुसावी आणि पुन्हा तेथेच ठेवावी, एवढेच घडते. खरा मुहूर्त होळीपासून पाडव्यापर्यंतच्या पंधरवड्याचा. शिशिर सरत असतो आणि वसंत उंबरठ्याशी आलेला असतो. पिंपळाकडे पाहावे. पालवी फुटण्यापूर्वी तोही जुनी पाने टाकतो. पण सारी एका दिवसात टाकीत नाही.

आमची रीत अशी आहे. रोज एकच घटका, म्हणजे 24 मिनिटे, या कामास द्यावी. जागाही एकच घ्यावी: एक खण, एक फळी किंवा एक ट्रंक. घटका संपली की हात आवरावा. पंधरा घटकांचे सहा तास होतात. तेच सहा तास एका दिवशी दिले तर कंबर मोडते आणि बुद्धीही शिणते. कारण थकविते ते ओझे नसून, प्रत्येक वस्तूगणिक घ्यावा लागणारा निर्णय असतो.

म्हणून सोप्या निर्णयांनी आरंभ करावा. पहिले पाच दिवस मुदत संपलेली औषधे, वर्तमानपत्रे, बिघडलेले चार्जर. पुढचे पाच दिवस भांडी आणि कपडे. पत्रे आणि छायाचित्रे अगदी शेवटी. ठेवणे, देणे आणि मोडीत काढणे असे तीनच ढीग करावेत. जेथे मन अडेल ती वस्तू एका खोक्यात घालून वर पुढल्या पाडव्याची तारीख लिहावी. वर्षभरात तिची आठवणही झाली नाही, तर उत्तर आपोआप मिळते.

आणखी एक पथ्य: आधी स्वतःच्या वस्तू आवराव्यात. आम्ही घरच्यांना हा उपदेश करू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी काही न बोलता आमच्याच कुलुपबंद कपाटाकडे बोट दाखविले. तीस वर्षांच्या कचेरीच्या कागदांनी ते भरलेले होते!

देण्यालाही विवेक हवा. पूर्वी जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण दारी येत असे. आता ती क्वचितच दिसते. कपडे धुऊन, शिवून, आप्ताला देतो तसे द्यावेत. मोठी पातेली, घंगाळे संघाच्या भांडारात दिली, तर दहा घरच्या कार्यांत उपयोगी पडतील. मोडके लाकूड होळीस देण्याची चाल आहे. परंतु प्लास्टिक आणि रंग दिलेल्या फळ्या तिच्यात घालू नयेत, त्यांचा धूर विषारी असतो. विजेची बिघडलेली उपकरणे ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रातच द्यावीत. त्यासंबंधीचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले आहेत. आणि मोडी लिपीतील कागद सापडला तर तो रद्दीत मुळीच घालू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघर हिंडून असेच कागद मिळविले. त्यांच्या पुढाकाराने 1910 साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेस तो दाखवावा.

ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी हे काम त्यांच्या पश्चात करण्यासाठी ठेवू नये. त्यांना जवळ बसवावे, वस्तू त्यांच्या हाती द्यावी, 'ही कोठली?' म्हणून विचारावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. त्यांच्या संमतीवाचून चमचादेखील टाकू नये. पुष्कळदा असे होते की, हकिकत कोणी ऐकून घेतली म्हणजे वस्तू सोडणे त्यांना जड जात नाही.

आमची धाकटी बहीण सध्या एका नव्या वहीत मातुःश्रींच्या ओव्या आठवतील तशा उतरवीत आहे. आजवर अकरा झाल्या आहेत. पुष्कळ ओळी अर्ध्याच आठवतात. तेथे ती जागा कोरी ठेवते.

आपणांस एवढीच विनंती आहे की, आज घरी गेल्यावर माळा आवरण्यास लागू नका. आपल्या आईची वही कोठे आहे, एवढे मात्र अवश्य पाहा.