गढूळ पाणी आणि नितळ पाणी



१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. गढूळ पाणी म्हणजे काय हे पुणेकरांना निराळे शिकवावयास नको. आम्हां कामगारांना रसायनशास्त्र कॉलेजात भेटले नाही. पण ते बादलीतही असते.

नदीचे पाणी बादलीत घटकाभर ठेवावे. वाळू तळाशी बसते. हे साधे मिश्रण. त्यातली वाळू फडक्यानेही निघते. वरचे पाणी मात्र दिवसभर तांबूसच राहते. त्यातले मातीचे कण इतके सूक्ष्म की फडक्यातून निसटतात, आणि त्यांच्या अंगावर ऋण विद्युत्भार असल्याने एकमेकांना दूर लोटीत ते तरंगत राहतात. याला कलिल म्हणतात. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६१ साली हे नाव रूढ केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. आपल्या आज्या पाण्यात तुरटी फिरवीत, त्या या कलिलाशीच झुंजत होत्या. तुरटीतले ॲल्युमिनियम कणांवरचा भार मारते, कण एकमेकांना बिलगतात, पुंजके होऊन खाली बसतात. (दूधही कलिलच. त्यात लिंबू पिळले की ते फाटते, तेही बहुतांशी याच न्यायाने.)

तिसरा प्रकार द्रावणाचा. पाण्यात मीठ विरघळले की फडके, तुरटी, वाट पाहणे, कशाचाच इलाज चालत नाही. अंधारात बॅटरीचा झोत सोडला तर कलिलात त्याची वाट उजळते. द्रावणात ती दिसतही नाही.

एका कारखान्याच्या वाटाघाटीत विहिरीच्या पाण्याचा पेला आमच्यापुढे ठेवून, "पाहा, किती नितळ!" असे सांगण्यात आले. नितळ होतेच. पण क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या खात्यातून क्षार झिरपून विरघळले असतील, तर पेला काय बोलणार? त्या धातूचे एक रूप कर्करोगास कारण होते, आणि प्रमाण अगदी थोडे असले म्हणजे त्याचा पिवळा रंग डोळ्यांस जाणवत नाही. "उकळून प्या" हा सल्ला रोगजंतूंपुरता उत्तम. येथे तो उलटा पडतो. वाफ होऊन जाते ते पाणी, क्षार मागेच राहतो, आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. म्हणून आम्ही प्रयोगशाळेचा दाखला मागितला, तोही कामगारांच्या देखत भरून मोहोर लावलेल्या बाटलीचा.

आळंदीला इंद्रायणीवर अलीकडे वारंवार पांढरा फेस दिसतो. फेस म्हणजे पाण्यात अडकलेली हवा. साबणासारख्या द्रव्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाण्यापासून पळते, म्हणून बुडबुडे टिकतात. वारकरी त्यातच स्नान करतात. वारा सुटला की फेस विरतो, वर्तमानपत्रांतली छायाचित्रेही थांबतात. विरघळलेले ते तसेच वाहत राहते. आमचे म्हणणे एवढेच की नमुने फेस नसलेल्या दिवशीही घ्यावेत, आणि त्यांचे आकडे घाटावरच्या फलकावर मराठीत लावावेत.