मोबाइलमधील नोंदींची दुसरी प्रत



२०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि नाशिकचा नदीकाठ पाण्याखाली गेला. अशा वेळी मोबाइल आणि त्यातील नोंदींची प्रत असलेला पेनड्राइव्ह एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकदमच जातात. दूरच्या संगणकावरील साठवण, म्हणजे क्लाउड, अशा पुरातून वाचते. परंतु गूगलची विनामूल्य जागा १५ जीबीपुरतीच असते आणि दोन वर्षे न वापरलेले खाते मजकुरासह पुसले जाऊ शकते. पासवर्ड विसरल्यास आपल्याच नोंदी आपणांस दुरावतात.

म्हणून एकाचीच निवड करू नये. एक प्रत क्लाउडवर, दुसरी पेनड्राइव्हवर, तोही दुसऱ्या घरी असावा. दोन्ही प्रती अधूनमधून उघडून पाहाव्यात. नुकसानीचे छायाचित्र हाच कित्येकदा शेतकऱ्याचा पुरावा असतो. गावकऱ्यांना हे आपणच समजावून सांगावे.