मुलीचे परिचयपत्र

(सुवर्णमहोत्सवानिमित्त बीरगांव येथे झालेल्या पालक-सभेतील भाषण)



परिचयपत्र म्हटले की आपल्या घरांत प्रथम उंची, वर्ण, गोत्र आणि मामेकुळी आठवते. आजचा विषय तो नव्हे. आपल्या मुली आता शिक्षणासाठी रायपूरबाहेर, कोणी पुण्यास तर कोणी थेट अमेरिकेस जातात. तेथे वसतिगृह, शिष्यवृत्ती किंवा विद्यार्थिनींचे मंडळ, कोठेही आधी कागद बोलतो आणि मागाहून मुलगी.

अमेरिकेतील 'सोरॉरिटी' ह्या भगिनीमंडळांचेच पाहू. 'बहीण' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. इंडियानात १८७० साली स्थापन झालेले कापा अल्फा थीटा हे त्यांतील एक जुने मंडळ. ह्या जुन्या मंडळांची दारे कृष्णवर्णीय मुलींना दीर्घकाळ बंद होती. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठातील विद्यार्थिनींनी अल्फा कापा अल्फा हे आपले स्वतंत्र मंडळ काढले, हेही विसरता येत नाही. प्रवेशेच्छू मुलीसाठी माजी सदस्येने शिफारस पाठवावी, अशी प्रथा विशेषतः दक्षिणेकडील विद्यापीठांत रूढ झाली. अलीकडे अनेक मंडळांनी ती सक्ती काढली असली, तरी प्रथा पुरती गेलेली नाही. जिची आई वा आत्या सदस्या होती, तिला शिफारस घरातच मिळे. आपल्या मुलीला मात्र जेमतेम ओळखीच्या बाईंच्या हाती एक पानभर परिचय द्यावा लागतो, आणि त्या पानावरूनच त्या बाईंना पत्र लिहायचे असते.

'आपल्याला येथे कोण ओळखतो?' हा प्रश्न परप्रांतात घर केलेल्या आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात, प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू की नाही ह्याची शंका त्यांनी स्वतःच मोकळेपणाने मांडली. स्वकीयांचा विरोध सोसून आपण इतक्या दूर आलो, आणि आपल्या देशभगिनींना वैद्यकीय साहाय्य मिळवून द्यावयाचे आहे, हेच त्यांचे सांगणे. प्रवेश मिळाला, १८८६ साली त्या पदवीधर झाल्या.

आमच्या पाहण्यातील बहुतेक परिचयपत्रांत ह्याच्या उलट असते. वडिलांचा हुद्दा ठळक आणि मुलगी पुसट. 'समाजकार्याची आवड' ह्या शब्दांवरून शिफारस करणाऱ्याने काय लिहावे? त्याऐवजी, 'दोन उन्हाळ्यांत वस्तीतील आठ मुलांना गणित शिकविले' असे, खरे असेल तर, लिहावे. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी सहज बोलणारी मुलगी रकान्यात एकच भाषा भरते. तिला बाकीच्या भाषा ह्या भाषाच वाटत नाहीत! वडील उरल्याच्या कारखान्यात रात्रपाळीला असताना आजारी आजीचे सारे पाहणे, हेही कोणी लिहीत नाही. मुलींनी घरात केलेल्या कामाला काम न म्हणण्याची सवय आपलीच आहे.

फुगवून मात्र काहीही लिहू नये. मुलाखतीत त्याच ओळीवर बोट ठेवले जाते.

शिफारस कोणाची घ्यावी? मुलीला कधी न पाहिलेल्या पुढाऱ्याच्या ठशाच्या कागदापेक्षा, तिला तीन वर्षे शिकविलेल्या बाईंचे साधे पत्र आम्ही अधिक मोलाचे मानतो. बाईंना निदान तीन आठवडे आधी भेटावे; परिचयपत्रासोबत शेवटची तारीख, पत्र कोठे पाठवायचे तो पत्ता, आणि मुलीला तेथे का जायचे आहे ह्याच्या चार ओळी द्याव्यात. त्या चार ओळी मुलीनेच लिहाव्यात, वडिलांनी नव्हेत.

आणि सभेतील ज्येष्ठ भगिनींना एक विनंती. गणेशोत्सवातील नाटकाची तालीम, हळदीकुंकवाची व्यवस्था, ग्रंथालयाची पेटी सांभाळताना ह्या मुलींना तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. पत्र मागायला त्या आल्या तर 'आम्हांला कुठे इंग्रजी येते' म्हणून परत पाठवू नका. मराठीत सांगा, इंग्रजी कोणीही करून देईल. तुम्ही पाहिलेले मात्र तुम्हांलाच सांगावे लागेल.