बालवीर चळवळ आणि आपली मुले
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मुलांच्या जडणघडणीविषयी दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली आहे. आमची हयात शाळेत गेली आणि त्यांतील बरीच वर्षे बालवीर पथक, म्हणजे स्काऊटचे पथक, आमच्याकडे होते. तेव्हा त्याच अनुभवाच्या आधारे चार गोष्टी सांगतो.

१९०७ साली बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत नामांकित शाळांतील श्रीमंतांची मुले होती, तशीच कामकरी वर्गातीलही होती. १९०९ साली ही चळवळ हिंदुस्थानात आली. परंतु आरंभी तिची दारे युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच उघडी होती. म्हणून डॉ. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेस हिंदी मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभारली. प्रयागास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी तेच कार्य हाती घेतले. पुढे स्वराज्यात, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकत्रित संस्था स्थापन झाली व पुढल्याच वर्षी मुलींची संघटनाही तीत सामील झाली.

दहा वर्षे पूर्ण झालेला मुलगा शाळेच्या पथकात स्काऊट होऊ शकतो, मुलगी गाईड होऊ शकते. त्याहून लहानांसाठी कब आणि बुलबुल हे विभाग आहेत. वचन आणि नियम समजून घेतल्यावर दीक्षा मिळते. त्यानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय असे सोपान चढत राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाता येते.

पण पदकांहून मोलाची गोष्ट निराळीच आहे. सहा-आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्यांच्याच वयाचा एक संघनायक. शिबिरात तंबू त्यांनीच उभारावयाचा, चूल त्यांनीच पेटवावयाची. भात करपला तर तोच सर्वांनी खावयाचा. दोष कोणाला द्यावयाचा नाही! गळ्यातील स्कार्फ प्रसंगी मोडलेल्या हाताची झोळी होतो, हे तेथे प्रत्यक्ष करून शिकतात. ‘खरी कमाई’ या उपक्रमात अंगमेहनत करून चार पैसे मिळविल्यावर वडिलांच्या कष्टांची किंमत मुलास न सांगता कळते.

पालकांच्या तीन शंका आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. पहिली, अभ्यास बुडेल. आमचा अनुभव असा की, वेळेवर उठणे आणि अंगावर घेतलेले काम पुरे करणे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला अभ्यासाचा जाच वाटत नाही. दुसरी, मुलीला बाहेरगावी कसे धाडावे? गाईड पथकाबरोबर गाईड शिक्षिका असते. शंका असल्यास त्यांना भेटून शिबिराची व्यवस्था स्वतः विचारून घ्यावी, पण केवळ मुलगी म्हणून तिला घरी बसवू नये. तिसरी शंका हळू आवाजात विचारली जाते: शिबिरात स्वयंपाक कोण करते, पंक्तीस कोण असते? तिचे उत्तर आम्ही मोठ्याने देतो. स्वयंपाक सर्व मुले मिळून करतात आणि पंक्तीस सर्व जातींची मुले असतात. स्काऊट हा सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटचा बंधू, असा नियमच आहे.

म्हणूनच, आपल्या ज्ञातीचे स्वतंत्र पथक काढावे, ही जी सूचना काही मित्रांनी सद्भावनेने केली आहे, तिला आम्ही नम्रपणे विरोध करतो. आपल्या संस्थेने वसतिगृह चालवावे, शिष्यवृत्त्या द्याव्यात. ते तिचे कर्तव्यच होय. परंतु जी दारे परक्यांनी एके काळी आपल्या मुलांस बंद केली होती, तीच आता आपण आतून कडी लावून बंद करावीत काय?

त्याऐवजी शिष्यवृत्ती निधीतून काही रक्कम वेगळी काढावी. गणवेश व शिबिराचा खर्च ज्यांना झेपत नाही, अशा मुलामुलींना ती द्यावी, आणि त्यांनी आपापल्या शाळेच्या पथकात जावे. आपल्या ज्ञातीचा मुलगा दहा जातींच्या मुलांचा संघनायक व्हावा, आणि दुसऱ्या ज्ञातीतील संघनायकाचा शब्दही त्याने तितक्याच आदराने पाळावा, यांत ज्ञातीचा खरा गौरव आहे.